सिगारेटचा सूड

दिवाळी अंकात फराळाविषयी लिहावे, निदान चकली मऊ का पडते याची तरी चर्चा करावी, अशी रीत आहे. मी यंदा न खाल्लेल्या फराळाविषयी लिहिणार आहे. गेल्या दिवाळीत आमच्या घरी सारे काही यथासांग झाले होते. चिवडा झाला होता, कडबोळी झाली होती, अनारसेसुद्धा न फसता झाले होते. आणि घरातली मंडळी त्यावर तुटून पडलेली असताना घरचा कर्ता पुरुष एका कोपऱ्यात बसून गार दूधभात गिळत होता. कारण त्याचे तोंड आले होते.

ज्याचे तोंड कधी आले नाही त्याला यात हसण्यासारखे वाटेल. मसुराएवढा एक पांढुरका फोड, त्याचे ते काय एवढे? पण तो फोड ओठाच्या आत असला की बोलता येत नाही, जिभेखाली असला की गिळता येत नाही आणि गालात असला की हसता येत नाही. माझे एकाच वेळी तिन्ही ठिकाणी होते. बायकोशी भांडण करायचे तरी तोंड उघडावे लागते. त्या पंधरवड्यात आमच्या घरात जी शांतता नांदली ती त्यापूर्वी कधी नांदली नव्हती, असे आमच्या सौभाग्यवती आजही सांगतात.

या सगळ्याची सुरुवात दसऱ्याला झाली. संध्याकाळी आपट्याची पाने वाटून घरी आलो आणि खिशातले सिगारेटचे पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकले. सीमोल्लंघन करायचे तर असे करावे, असे मनाशी म्हटले. सिगारेट आमच्या घरात वडिलांपासूनची. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हापासून हैदराबादची चारमिनार आमच्याकडच्या दुकानांत रुळलेली. वडील तीच ओढत. कॉलेजात असताना मीही सुरुवात तिनेच केली. मग ब्रँड बदलत गेले, आकडा वाढत गेला. सोडली तेव्हा दिवसाला दहा-बारा होत होत्या आणि जिना चढताना मधल्या पायरीवर उभे राहून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायची सवय लागली होती.

पहिले चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही. चहात साखर कमी म्हणून ओरडलो, जास्त म्हणून ओरडलो, आणि बेताची होती तेव्हा चहा गार म्हणून ओरडलो. खोकला कमी व्हायचा तो वाढला. पण हे सगळे होते असे ऐकून होतो, म्हणून मनाची तयारी होती. तयारी नव्हती ती पुढच्या गोष्टीची. कोजागरीच्या रात्री गच्चीवर मसाल्याच्या दुधाचा पहिला घोट घेतला आणि खालच्या ओठाच्या आत ठिणगी पडल्यासारखे झाले. आरशासमोर जाऊन ओठ उलटून पाहिला. मधे पिवळट पांढरा आणि कडेने लालभडक असा वाटोळा फोड होता. दोन दिवसांत त्याची भावंडे आली.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही परभणीकर अभिमानाने म्हणतो. जर्मनीत रोगाची कारणे पुष्कळ असतील. परभणीत एकच असते, आणि ते म्हणजे उष्णता. डोळे आले, उष्णता. डोके दुखले, उष्णता. मग तोंड येण्याला दुसरे काय कारण असणार? शेजारच्या आजींनी सब्जा भिजत घालायला सांगितला. समोरच्या वहिनींनी गुलकंद पाठवला. आमच्या सौ. नी जाईचा पाला आणून चावायला दिला. कोणी पेरूची कोवळी पाने सुचवली, कोणी टाकणखार मधातून लावा म्हणाले. पाला चावून तेवढ्यापुरते बरे वाटे. परंतु आठव्या दिवशी जुना फोड मिटावा आणि शेजारी नवा उगवावा, असा क्रम सुरू झाला. शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो.

आमचे डॉक्टर जुने आहेत, मितभाषी आहेत. त्यांनी बॅटरी लावून तोंड पाहिले आणि विचारले, "सिगारेट कधी सोडलीत?"

"दसऱ्याला. पण तुम्हाला कसे कळले?"

"आज शर्टाला वास येत नाही," ते म्हणाले. "अभिनंदन. हे फोड त्याचेच आहेत."

मी थक्क झालो. चाळीस वर्षे ओढली तेव्हा काही नाही आणि सोडली तर तोंड फुटले! हा कुठला न्याय? त्यावर त्यांनी समजावून सांगितले ते असे. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे धुराच्या रोजच्या माऱ्याने तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराचा वरचा थर जाड व टणक होतो. शिवाय निकोटिन स्वतः काही प्रमाणात दाह दाबून धरते. म्हणून ओढणाऱ्यांना हे साधे फोड इतरांपेक्षा कमी होतात. ओढणे थांबले की ते कवच उतरू लागते आणि दाबलेला दाह मोकळा होतो. त्यात सोडण्याचा मनस्ताप, अपुरी झोप, चिडचिडीत गालाला लागलेला दात, यांची भर पडते. फोड संसर्गाचे नसतात, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत.

"आणि तुम्ही एकटे नाही," असे म्हणून त्यांनी एक आकडाही सांगितला. लंडनमधल्या संशोधकांनी सिगारेट सोडणाऱ्या बाराशेहून अधिक माणसांची पाहणी केली होती. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांत दर पाचांतल्या दोघांनी तोंड आल्याचे सांगितले. बहुतेकांचा त्रास सौम्य होता, तो प्रायः पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला आणि निम्म्याहून अधिकांचा चार आठवड्यांच्या आत गेला. सिगारेट सोडणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवले पाहिजे, म्हणजे तो घाबरत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. मला कोणी सांगितले नव्हते. म्हणूनच मी हे इथे लिहीत आहे.

उपचार साधे होते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार वेळा चूळ भरायची. मऊ ब्रश वापरायचा. फार फेस करणारी टूथपेस्ट काहींना सोसत नाही, ती बदलून पाहायची. तिखट, आंबट, खरखरीत आणि कढत काही महिनाभर नको. जेवणाआधी फोडावर लावायला एक मलम दिले. रक्त तपासून घेतले, कारण लोह, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असले तरी तोंड येते आणि औषध त्याचे द्यावे लागते. एक दाढ करवतीसारखी झाली होती, ती दंतवैद्याकडून घासून घेतली. सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनचा च्युइंगगम चघळणाऱ्यांना त्यानेही तोंड झोंबते. तसे असेल तर मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारून कातडीवर लावायची पट्टी घ्यावी, असेही त्यांनी सांगितले.

आता मराठवाड्यातल्या माणसाला तिखट सोडायला सांगणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्याच माणसाला कळेल. ठेचा नाही, येसराची आमटी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. आमच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'परभणी मोती' ज्वारीची शुभ्र भाकरी आमच्या घरी होते. पण तिचा पापुद्राही काचेसारखा टोचू लागला. सौ. ती दुधात कुस्करून, वर साजूक तूप घालून माझ्यापुढे ठेवत. साठी उलटलेल्या माणसाला काऊ-चिऊचा घास भरवावा तसा तो प्रकार होता.

अशात धनत्रयोदशी आली. घरात चकल्या तळल्याचा वास, बाहेर आकाशकंदील, आणि तोंडात आग. जेवण अर्धे टाकून मी उठलो आणि पाय मोकळे करून येतो असे सांगून बाहेर पडलो. पाय मोकळे होत होत नेहमीच्या पानटपरीपाशी जाऊन थांबले. पानवाला ओळखीचा. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "काय सर, लई दिवस झाले, दिसले नाहीत?"

मी तोंडाकडे बोट दाखवले.

"सोडली व्हय? मग येतंयच तोंड. एक ओढा बगा, दोन दिवसांत साफ जातंय."

आणि त्याने एक सुटी सिगारेट पुढे केली. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर पाकीट फोडायला कोणी पंचनामा करीत नाही. पाकिटावर निदान ते भयंकर चित्र असते. सुट्या सिगारेटवर चित्र नसते. ती गोरीपान, निष्पाप दिसते. मी ती घेतली.

वाचकहो, पानवाला खोटे बोलत नव्हता, हीच तर खरी अडचण आहे. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय मासिकात तिथल्या एका डॉक्टरांनी हेच लिहून ठेवले आहे. सिगारेट सोडल्यावर आलेले तोंडातले फोड पुन्हा सिगारेट सुरू करताच बरे झाले, असा त्यांचा अनुभव. म्हणजे साठांहून अधिक वर्षांपूर्वी जे डॉक्टरांनी छापले तेच आमच्या पानवाल्याला गिऱ्हाइकांकडे पाहून कळले होते. मनुष्य एरवी ज्या मोहाला बळी पडणार नाही, त्याला तो औषध म्हणून बळी पडतो. मला व्यसन करायचे नव्हते. मला फक्त चिवडा खायचा होता.

सिगारेट ओठात धरली. ती नेमकी फोडाला लागली आणि डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्याबरोबर मला आमचे दादा आठवले.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. ते गंगाखेडला असत. सिगारेटला ते हात लावीत नसत. मला ओढताना पाहिले की रागावत. त्यांची आपली तंबाखू आणि चुना. तळहातावर मळायची, खालच्या ओठ-गालाच्या फटीत ठेवायची. २०११ च्या उन्हाळ्यात त्या जागी एक फोड झाला. फोड कसला, कातडी सोलल्यासारखी एक जागा. सगळे म्हणाले, उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, जाईचा पाला झाला. मी स्वतः म्हटले, "दादा, एकदा दाखवून घ्या." ते म्हणाले, "अरे, दुखत नाही तर दाखवायचं काय?" खरोखरच दुखत नव्हते. पाच महिने दुखले नाही. दिवाळीच्या सुमारास दुखू लागले तेव्हा जबड्याखाली गाठ लागत होती.

देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही त्यांना मुंबईला नेले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे. त्याच्या आसपासच्या फुटपाथांवर आपल्या मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-बंगालमधली माणसे हातात फायली घेऊन बसलेली असतात. दादांचा अर्धा खालचा जबडा काढावा लागला. नंतर किरणांचे उपचार झाले. त्यानंतर ते सहा वर्षे जगले, पण बोलणे कोणाला कळेनासे झाले. फोनवर मी बोलायचो आणि ते 'हं' म्हणायचे. त्या 'हं'वरून ते बरे आहेत की नाहीत हे ओळखायचे. दादांचे ऑपरेशन चालले होते तेव्हा मी काय करीत होतो? समोरच्या फुटपाथवर उभा राहून सिगारेट ओढत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरे आहे. त्यानंतरही मी अनेक वर्षे ओढतच राहिलो.

धनत्रयोदशीच्या रात्री टपरीसमोर मला एवढेच वाटले की, माझे दुखते आहे हे बरे आहे. सिगारेट खिशात टाकली आणि घरी आलो.

दुखणारा फोड आणि न दुखणारा फोड यांतला हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. सिगारेट सोडल्यावर येतात ते फोड लहान, वाटोळे, लाल कडेचे आणि चांगले झोंबणारे असतात. ते ओठांच्या आत, गालांच्या आत, जिभेखाली अशा मऊ जागी येतात. एकेक फोड आठवड्या-दोन आठवड्यांत मिटतो. कर्करोगाची जखम पुष्कळदा आरंभी दुखतच नाही. ती जागा सोडत नाही, कडा टणक लागतात, कधी रक्त येते. कधी जखमही नसते, नुसता न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग असतो. तेव्हा दोन आठवडे वाट पाहावी. तिसरा आठवडा उलटूनही एकाच जागचा फोड तसाच असेल तर तो उष्णतेचा नाही आणि सिगारेट सोडल्याचाही नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. चाळीस वर्षे ओढलेल्या माणसाने तर 'मी सोडली म्हणून आले असेल' या समजुतीवर निश्चिंत राहूच नये. मी सोडली ती गेल्या वर्षी, आणि शरीराने सोसले ते त्याआधी.

दुसरी एक गोष्ट. ओढणे सोडणारा माणूस तोंडात काहीतरी चघळायला शोधतो आणि आपल्याकडे ते काहीतरी म्हणजे सुपारी. निरुपद्रवी म्हणून ती आपण लग्नकार्यात पुढे करतो. पण नुसती सुपारी, तंबाखूविना, हीसुद्धा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. तिने तोंडाचे अस्तर आखडत जाते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे ज्याने त्याने आरशासमोर पाहावे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण सवय बंदी पाळत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांत धूर ओढणारे चारही भरले नाहीत, आणि तंबाखू तोंडात धरणारे किंवा दाताला लावणारे चोवीस भरले. दाताला लावणारे म्हणजे मिश्री लावणाऱ्या आपल्या आजी, मावश्या आणि घरी कामाला येणाऱ्या बाया. त्यांना आपण व्यसनी म्हणत नाही, म्हणून त्यांचे तोंडही कोणी पाहत नाही.

ज्याला सोडायची आहे आणि जमत नाही त्याने लाजू नये. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन याचसाठी २०१६ पासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि सोडल्याचा उपयोग काय, असे साठीच्या माणसाने विचारू नये. सिगारेट सोडल्यापासून पाच ते दहा वर्षांत तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो. त्या हिशेबात चार आठवड्यांचा दूधभात फार नाही.

माझे शेवटचे फोड तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गेले. ऊस, बोरे, चिंचा, आवळे मांडलेले होते. मी भीत भीत एक चिंच उचलून जिभेवर ठेवली. झोंबली नाही. आंबट लागली, नुसती आंबट. चाळीस वर्षांत चिंच इतकी आंबट लागली नव्हती. सिगारेट सोडल्यावर जिभेला चव परत येते म्हणतात, ती अशी आली.

त्या खिशातल्या सिगारेटचे काय झाले, हे विचाराल. मी ती विसरलो होतो. पाडव्याला सौ. ओवाळायला बसल्या तेव्हा तबकात सुपारी नव्हती. ओवाळून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "परवाचा शर्ट धुताना खिशात तंबाखूचा चुरा निघाला."

मी काही बोललो नाही. तोंड आलेले होते, हे एक बरे होते.

"पेटवलेली नव्हती," त्या म्हणाल्या, आणि उठून माझ्यासाठी भाकरी कुस्करायला गेल्या.

यंदाच्या दसऱ्याला वर्ष झाले. जिन्याच्या मधल्या पायरीवरचे कॅलेंडर वाचायचे राहून जाते, त्यामुळे कुठल्या तिथीला काय आहे हे मला आता दुसऱ्याला विचारावे लागते. चिवडा यंदा माझ्याच सांगण्यावरून जरा तिखट केला आहे. आपणही फराळाला बसण्यापूर्वी एकदा आरशासमोर आ करून पाहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पाहायला लावा. काही नसले तर चकली खा. काही असले तर ते दुखते आहे की नाही, आणि किती दिवसांचे आहे, एवढे मात्र विचारा. दिवाळीच्या शुभेच्छा!